झाकणावरचा लाल ठिपका

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी उन्हाने इतकी विटली होती की ते वाचायला कुणी थांबत नसे. सगळे त्यांना हलूनका म्हणत. फोटो काढताना उभ्या जन्मात ते एकच गोष्ट सांगत आले, ‘हलू नका’, आणि तीच त्यांच्या गळ्यात पडली. टपाल घेऊन येणारा माणूससुद्धा दारातून “हलूनका आहेत का?” असंच विचारायचा. घरात बायको वैतागली की म्हणायची, “अहो हलूनका, आता जरा हला, केर काढायचाय.”

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या भागात टेबल, काच आणि काचेखाली कुणाकुणाचे जुने चेहरे. मागच्या भागात गोल फिरणारं स्टूल, दोन दिवे, त्यांना लावलेल्या पांढऱ्या छत्र्या आणि भिंतीवर तळ्याचं चित्र असलेला पडदा. तळ्यातल्या बदकाची मान पोपडा निघून गेली होती, तरी बदक नेटाने पोहत होतं. आरशाजवळ सुतळीने बांधलेला कंगवा. खुंटीवर एक काळा कोट आणि गाठ मारून ठेवलेला, मागे इलॅस्टिक असलेला टाय. ओळखपत्रासाठी फोटो काढायला येणारा माणूस जाडा असो की किडकिडीत, कोट हाच. किडकिडीत असला तर हलूनका पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावायचे. बँकेतला कारकून, शाळेतला शिपाई आणि शाळेचे मुख्याध्यापक या तिघांच्याही ओळखपत्रावर तोच कोट होता, आणि तिघांनाही तो आपल्यालाच शोभून दिसला असं वाटत होतं.

पण हे सगळं आता क्वचितच कामाला यायचं. लोकांच्या खिशात फोन आले होते. लग्नाला गेलं की नवरा-नवरी दिसायच्या आधी वर धरलेले हात दिसत. कुणी जेवायला बसलं तरी आधी ताटाचा फोटो निघे, मग हात धुतले जात. हलूनकांना त्याचा राग नव्हता. ते म्हणत, लोक फोटो काढतायत ना, मग चांगलंच आहे की. राग यायचा तो एका माणसाचा, आणि तो माणूस त्यांच्याच घरात राहत होता.

त्यांचा मुलगा मोबाईलच्या एका मोठ्या दुकानात नोकरीला होता. दिवसभर गिऱ्हाइकांना फोनचे गुण सांगून सांगून त्याची जीभ इतकी सैल झाली होती की घरी आल्यावरही ती थांबत नसे. भाजी वाढून घेताना तो सांगायचा की नवा फोन अंधारातही बघतो. पाणी पिताना सांगायचा की मिटलेले डोळे तो आपले आपण उघडतो. “बाबा, मागचं सगळं धूसर करतो, पुढचं लख्ख ठेवतो. तुमच्या त्या नळकांड्याला जमतं का?” नळकांडं म्हणजे लेन्स. हलूनका घास चावत राहायचे. नळकांड्याला ते जमत होतं, फोनच्या आधीपासून जमत होतं, पण घास तोंडात असताना वाद घालायचा नाही असा त्यांचा नियम होता, आणि मुलगा बोलत असेपर्यंत ते घास संपू देत नसत.

मुलाचं म्हणणं साधं होतं. स्टुडिओ बंद करावा आणि त्या जागी फोनची कव्हरं, काचा आणि चार्जर यांचं दुकान टाकावं. बाबांनी आराम करावा. हे म्हणणं तो दर महिन्याला मांडायचा आणि हलूनका दर महिन्याला “बघू” म्हणायचे. यंदा मात्र त्याच्या हातात पुरावा आला होता.

पुरावा आणला सुनेने, आणि बिचारीने काळजीपोटी आणला. हलूनकांच्या कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर चढवायचं काम ती करायची. ती हुशार, हाताने चपळ आणि सासऱ्यावर तिची माया. तिला दिसलं की प्रत्येक कामातला एक फोटो काळा असतो. कुणाच्या मुलीचा वाढदिवस, आधी एक काळा, मग मुलगी. कुणाचं ओळखपत्र, आधी काळा, मग कोट. तिने मागचं सगळं उघडून पाहिलं. काळे फोटो किती निघाले, तिने मोजणंच सोडून दिलं. लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं की असा फोटो येतो, एवढं तिला ठाऊक होतं. तिने ते नवऱ्याला सांगितलं आणि सांगताना तिचे डोळे भरले.

नवऱ्याने लगेच बाकीची कलमं जोडली. बाबा परवा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेले होते. कपाळावर चढवलेला चष्मा ते अर्धा तास घरभर शोधत होते. सुनेला दोनदा तिच्या नणंदेच्या नावाने हाक मारली. आणि आता हे, प्रत्येक वेळी झाकण विसरतात. फोटोग्राफर झाकण विसरायला लागला तर न्हाव्याने वस्तरा उलटा धरल्यासारखंच झालं.

आता खरी गोष्ट सांगायला हवी, कारण ती हलूनका आणि त्यांची बायको यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

तो काळा फोटो विसरण्याचा नव्हता. तो त्यांचा धंदा होता.

रिळांच्या काळात, जेव्हा एकेक फोटो जपून काढावा लागे, तेव्हा तरुण हलूनकांच्या लक्षात आलं होतं की माणसाचा पहिला फोटो हमखास वाया जातो. कॅमेरा समोर आला की माणूस छाती फुगवतो, श्वास कोंडतो, मान ताठ करतो आणि त्याचा चेहरा कोर्टात उभ्या केलेल्या साक्षीदारासारखा होतो. बटण दाबल्याचा आवाज आला, “झालं” असं कानावर पडलं, की तोच माणूस हुश्श करतो, खांदे सोडतो, शेजारच्याकडे बघतो. खरा चेहरा तेव्हा येतो. म्हणून त्यांनी युक्ती काढली. पहिलं बटण झाकण ठेवून दाबायचं, म्हणजे रीळ पुढे न सरकवता तोच फोटो पुन्हा वापरता येई. मोठ्याने “झालं” म्हणायचं. डाव्या हाताच्या मुठीत अलगद झाकण काढून घ्यायचं आणि माणूस सैल पडला की खरं बटण दाबायचं. याला नवराबायको ‘कोरा’ म्हणत. ती तेव्हा आतल्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायची आणि बाहेर येऊन विचारायची, “कोरा दिलात ना?”

रीळ जाऊन नवा कॅमेरा आला तरी कोरा राहिला. नव्या कॅमेऱ्याने आधी कुरकूर केली. झाकण असताना बटण दाबू देईना. हलूनकांनी त्याचं सगळं आपोआप चालणारं बंद करून टाकलं आणि तो वळणावर आला. आता फोटो फुकट, मग पहिलाही खराच काढला तर काय बिघडलं, असं बायकोने एकदा विचारलं होतं. बिघडलं असतं. नव्या कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो लगेच दिसतो. पहिला दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, छान आलाय, राहू द्या, आणि कोर्टातला साक्षीदार घेऊन घरी जातं. काळा दिसला की कुणी मागत नाही.

हे सगळं मुलाला सांगून टाकलं असतं तर एका वाक्यात प्रश्न मिटला असता. बायको तेच म्हणत होती. पण मुलाच्या पोटात काही राहत नसे. सकाळी त्याला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचायचं. आणि एकदा का लोकांना कळलं की हलूनकांचं ‘झालं’ खोटं असतं, की त्यानंतर कुणी हुश्श करणार नव्हतं. ‘झालं’ ऐकल्यावरही लोक तसेच ताठ उभे राहिले असते, उलट जास्तच. मग दुकान वाचलं असतं, पण त्या दुकानात काढण्यासारखं काही उरलं नसतं.

तर बाप गप्प बसला. मुलाने त्या गप्प बसण्याचाही एक पुरावा केला.

शेवटी असं ठरलं की बेकरीचा फोटो ही परीक्षा. गावातली मोठी बेकरी दरवर्षी सगळ्या कामगारांचा एकत्र फोटो काढून घ्यायची आणि तो आत, भट्टीकडे जाणाऱ्या भिंतीवर लावायची. यंदा तिथला सगळ्यात जुना भट्टीवाला निवृत्त होत होता. त्याला सगळे वस्ताद म्हणत. मुलगा म्हणाला की हा फोटो बाबांनी नीट, न विसरता काढला तर तो पुन्हा कव्हरांच्या दुकानाचं नाव काढणार नाही. काही गडबड झाली तर पहिल्या तारखेला कोट खुंटीवरून खाली येईल. तो स्वतः बघायला येणार होता.

सुनेने सासऱ्याला मदत करायची म्हणून एक गोष्ट केली. कॅमेऱ्याच्या काळ्या झाकणावर तिने एक लालभडक गोल ठिपका चिकटवला, नाण्याएवढा. “बाबा, हा दिसला की काढायचं झाकण. लक्षात राहील.” तिने ते इतक्या हळुवारपणे सांगितलं की हलूनकांच्या तोंडून फक्त “बरं” एवढंच बाहेर पडलं.

आजवर युक्ती चालली होती ती झाकण काळं आणि लेन्सही काळी म्हणून. समोरच्याला फरक कळत नसे. आता कॅमेऱ्याच्या मधोमध लाल दिवा लागला होता.

ती बाजारात गेल्यावर हलूनकांनी ठिपका नखाने खरवडला. एक कड निघाली आणि बाकीचा आणखी घट्ट बसला. तेल लावून पाहिलं. ठिपका चकाकायला लागला. काळ्या शाईच्या पेनने रंगवला तर शाई त्यावर धरेना, बोटांना मात्र धरली. बायको दारात उभी राहून हा उद्योग बघत होती.

“चोरी लपवायला निघालात आणि हात काळे करून बसलात,” ती म्हणाली.

“दुसरं झाकण आण कुठून तरी.”

“मी? मी काय झाकणांची आई आहे? आणि नवं आणलं तर सून विचारेल, ठिपका कुठाय. मग काय सांगणार? विसरलो?”

हे खरं होतं. ठिपका काढला तरी तो विसरण्यातच जमा होणार होता. हलूनकांनी बोटं साबणाने घासली, तरी शाई गेली नाही.

बेकरीच्या मागच्या अंगणात सकाळी सगळे जमले. भिंत चुन्याची पांढरी, कपडे पांढरे, टोप्या पांढऱ्या आणि माणसांच्या भुवयांपर्यंत पीठ. हलूनकांना हा फोटो आवडायचा तो यासाठीच. पांढऱ्यावर पांढरं काढायला अक्कल लागते, असं ते म्हणत. मध्ये खुर्चीवर वस्ताद. हा माणूस कधी हसत नसे. दरवर्षीच्या फोटोत तो दाढ काढून घ्यायला बसल्यासारखा दिसायचा आणि कोऱ्याचासुद्धा त्याच्यावर परिणाम होत नसे, कारण “झालं” म्हटल्यावरही तो हुश्श करायचा नाही. भट्टीसमोर उभं राहून राहून त्याने श्वास जपून वापरायची सवयच लावून घेतली होती. एका हलूनकांनाच ही हार माहीत होती. यंदाची शेवटची संधी होती.

बेकरीचा मालक नवा फोन घेऊन आला होता. आधी आमचा एक होऊन जाऊ दे, म्हणून त्याने फोन वर धरला. सगळ्यांनी हनुवटी थोडी वर केली, मान लांब केली, ओठ बंद केले. फोनने आवाजसुद्धा केला नाही. मालकाने फोटो सगळ्यांना दाखवला आणि सगळे वाकून बघायला लागले. हलूनकांनीही चष्मा सावरून पाहिलं. खोटं कशाला बोलावं, फोटो स्वच्छ होता. सावल्या नव्हत्या. डोळे सगळ्यांचे उघडे. फक्त फोनने सगळ्यांच्या तोंडावरचं पीठ पुसून टाकलं होतं. त्याला तो डाग वाटला असावा. बेकरीतले कामगार पोस्टाच्या खिडकीतल्या बाबूंसारखे दिसत होते.

“बघा बाबा,” मुलगा हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

हलूनकांनी तिवई रोवली, कॅमेरा बसवला आणि लेन्सभोवती डाव्या हाताचा तळवा असा धरला की ठिपका झाकला जाईल. मागे सून उभी होती, तिच्या मागे मुलगा, त्याच्या बाजूला मालकाच्या आग्रहाने आलेली हलूनकांची बायको. तळवा धरला, पण ऊन समोरून होतं, आणि हात धरून किती वेळ उभं राहणार. मागच्या रांगेतल्या एकाची टोपी वाकडी होती, ती सरळ करायला खूण करावी लागली. एक जण रांगेबाहेर उभा होता, त्याला आत घ्यावं लागलं. खुणा करायच्या म्हणजे हात हवा. हात निघाला.

“हलू नका,” हलूनका म्हणाले.

सगळे थिजले. छात्या फुगल्या, साक्षीदार तयार झाले, आणि कोरा दिला नसता तर फोटोत तेच आले असते. लाल ठिपका उन्हात चमचम करत होता आणि पांढऱ्या अंगणात लाल अशी ती एकच गोष्ट होती. हलूनकांनी मनातल्या मनात म्हटलं, एवढ्या लांबून कोण बघतंय, आणि बटण दाबलं.

“झालं.”

त्यानंतर जी शांतता पडली ती हुश्श करण्याची नव्हती. सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी होत्या, पण मोठ्या माणसाला सांगायचं कुणी. मालक खाकरला. सुनेने तोंडावर हात ठेवला.

तेव्हा वस्ताद बोलला. हा माणूस कामाच्या वेळीसुद्धा बोटानेच सांगायचा, त्याचा आवाज कसा आहे हे नव्या कामगारांना माहीतही नव्हतं. तो खुर्चीत जरा पुढे वाकला आणि अत्यंत आदराने म्हणाला, “साहेब. झाकण.”

हलूनकांना वाटलं, जमीन जागच्या जागी थांबली आणि आपणच फिरतोय. त्यांना मुलगा दिसत नव्हता, तरी त्याचा चेहरा पाठीवर जाणवत होता. आता एक वाक्य पुरेसं होतं. हे मी मुद्दाम करतो, नेहमी करतो, म्हणूनच तुमचे फोटो चांगले येतात. सगळे समोर होते, सगळ्यांनी ऐकलं असतं, दुकान तिथल्या तिथे वाचलं असतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती डोळ्यांनी म्हणत होती, सांगा, अहो सांगा एकदाचं.

त्यांनी झाकणाकडे पाहिलं. मग अगदी सावकाश, जन्मात पहिल्यांदा दिसावं तसं, ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले,

“अरेच्चा. तरीच म्हटलं, सगळीकडे रात्र कशी झाली.”

पहिला फुटला तो मागच्या रांगेतला वाकड्या टोपीवाला. मग त्याच्या शेजारचा, मग सगळी रांग. पीठ मळणारा वाकून गुडघ्यांवर हात टेकून हसायला लागला. कुणाच्या तरी टोपीतून पिठाचा ढग उडाला. मालक पोट धरून म्हणत होता की हलूनका, आमचे पाव तरी आम्ही भट्टीत घालून भाजतो हो. आणि मध्ये खुर्चीवर वस्ताद, इतकी वर्षं दाढ धरून बसलेला, आपल्याच बोलण्याने झालेला हा गोंधळ बघत होता. आधी त्याच्या गालावरचं पीठ तडकलं. मग त्या फटीतून हसू बाहेर आलं. पुढचे दोन दात नव्हते त्याला. कुणालाच माहीत नव्हतं.

हलूनकांचा उजवा हात त्या वेळी बटणावर होता. झाकणाशी चाळा करता करता, कुणाकडे न बघता, त्यांनी ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः दुकानात आला. फोटो त्याने आधी जवळून, मग लांबून पाहिला. मग त्याने स्वतःच्या फोनमधला फोटो काढून टाकला, तिथेच, सगळ्यांसमोर, आणि हा मोठा करून मागितला. भिंतीला एक आणि वस्तादला एक. वस्तादच्या बायकोने म्हणे निरोप पाठवला होता की लग्नानंतर हे हसू तिनेही प्रथमच बघितलं, आणि तिला आणखी एक हवाय, माहेरी पाठवायला.

पण घरात त्याचा उपयोग शून्य झाला. मुलाचं म्हणणं होतं की फोटो चांगला आला हे नशीब. झाकण विसरले हे डोळ्यांनी पाहिलं, ठिपका लावूनही विसरले, साऱ्या बेकरीसमोर. तो ओरडला नाही, चिडलाही नाही. तो बापाच्या शेजारी येऊन बसला आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला की बाबा, वयाचं असतं, लाजायचं काही नाही. हलूनकांना त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पहिल्या तारखेला कव्हरांची खोकी येणार असं ठरलं. बायको स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, आणि कुठलं भांडं कुणासाठी आपटलं जातंय ते हलूनकांना बरोबर कळत होतं.

सून त्या संध्याकाळी दुकानात एकटीच बसून जुने फोटो एका जागी ठेवत होती. दुकान बंद व्हायचं तर निदान फोटो तरी नीट असावेत, असं तिचं म्हणणं. हलूनका कोटाची बटणं पुसत होते. कुठे जाणार होता तो कोट, पण पुसत होते. एकाएकी तिचा हात थांबला.

“बाबा, एक विचारू?”

“विचार.”

“तळ्याकाठची झाडं काढलीत तुम्ही, खूप फोटो आहेत. पूल आहे. आपली मांजर आहे. यात एकही काळा नाही.” ती त्यांच्याकडे वळली. “झाडांच्या फोटोत तुम्ही झाकण कधीच विसरत नाही. माणसांच्याच फोटोत विसरता.”

हलूनका बटण पुसत राहिले. ते कोटाचं शेवटचं बटण होतं आणि ते आधीच स्वच्छ होतं.

“झाडं श्वास कोंडत नाहीत,” ते शेवटी म्हणाले.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि मधेच तिचा हात कपाळावर गेला, कारण तो ठिपका कुणी चिकटवला होता ते तिला आठवलं. रडावं की हसावं हे तिला ठरवता येईना, तेव्हा तिने दोन्ही केलं. आत्ताच्या आत्ता नवऱ्याला सांगते, म्हणून ती उठली. हलूनकांनी तिला हाताने बसवलं. तुझा नवरा माझा मुलगा आहे, ते म्हणाले, पण त्याच्या पोटात वाटाणासुद्धा भिजत नाही. सुनेने मान हलवली. लग्नानंतर तिलाही ते कळलं होतं.

ती थोडा वेळ ठिपक्याकडे बघत बसली. मग म्हणाली की हा ठिपका आता काढायचा नाही. हलूनकांना कळेना. ती म्हणाली, बाबा, तुमच्या कोऱ्यावर लोक नुसते हुश्श करायचे. झाकणावर हसले. वस्ताद हुश्शवर कधी सैल पडला होता का?

हलूनका तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं त्यांनी जी चोरी लपवली, ती उघड्यावर मांडली की चोरी राहतच नव्हती. फक्त त्यासाठी साऱ्या गावासमोर विसराळू म्हातारा व्हावं लागणार होतं.

“म्हणजे वेडा ठरायचं,” ते म्हणाले.

“थोडंसं,” सून म्हणाली. “सोसेल का?”

त्यांनी कोट खुंटीला लावला आणि खांद्यावरून एकदा झटकला. “बायको तर पहिल्यापासून म्हणतेय. आता गावही म्हणेल.”

झालं असं की बेकरीची गोष्ट आपोआपच गावभर झाली होती. सांगणारा अर्थात मुलगाच. तो आपल्या दुकानात गिऱ्हाइकांना कळवळून सांगायचा की आमचे बाबा झाकण विसरतात हो, ठिपका लावलाय तरी विसरतात. ऐकणाऱ्याला हसू यायचं आणि एकदा बघावंसं वाटायचं. नव्या फोनची पिशवी हातात घेऊन लोक तिथून थेट स्टुडिओत यायला लागले. स्टुलावर बसायचे, समोर लाल ठिपका दिसायचा. हलूनका गंभीरपणे “हलू नका” म्हणायचे, बटण दाबायचे, “झालं” म्हणायचे. की समोरचा दबकत, नाहीतर खदखदत, सांगायचा की अहो, झाकण. मुलं तर किंचाळायची. “अरेच्चा,” हलूनका म्हणायचे, आणि रोज नव्याने चकित व्हायचे. त्यांची बायको आता पुढच्या टेबलावर बसू लागली होती. ती म्हणायची की एवढं नाटक त्यांना तरुणपणी येत असतं तर लग्न जरा मजेत झालं असतं.

कव्हरांची खोकी पहिल्या तारखेला आली. सुनेने ती काचेच्या टेबलाच्या एका बाजूला मांडली. कव्हर घ्यायला आलेला फोटो काढून जायचा आणि फोटोला आलेला कव्हर घेऊन जायचा, त्यामुळे कोण कुणाच्या जिवावर चाललंय यावर घरात वाद व्हायला लागला. कोट खुंटीवरच राहिला. मुलगा म्हणाला, चाललंय तोवर चालू दे.

आणि मग एका दुपारी तो स्वतःच आला. त्याला मोबाईलच्या दुकानाचा मॅनेजर केलं होतं आणि भिंतीवर लावायला त्याचा फोटो हवा होता. दुकानातल्या एकूणएक फोनने त्याने आपला फोटो काढून पाहिला होता, सहकाऱ्यांनी काढून पाहिला होता. प्रत्येकात तो काहीतरी विकायला निघाल्यासारखाच दिसत होता. हे त्याने बापाला सांगितलं नाही. जवळच होतं म्हणून आलो, एवढंच म्हणाला. त्याने कोट चढवला, टायचं इलॅस्टिक मानेमागे ओढलं. सून कव्हरं लावता लावता थांबली. बायको टेबलावरून उठून पडद्याजवळ आली.

मुलगा स्टुलावर बसला. हनुवटी वर गेली, छाती फुगली.

“हलू नका,” बापाने सवयीने त्यालाही अहोजाहो केलं. बटण वाजलं. “झालं.”

मुलाने ठिपक्याकडे पाहिलं. मग ठिपक्यावरून वर, कॅमेऱ्यामागच्या पांढऱ्या डोक्याकडे, कपाळावर चढवून विसरलेल्या चष्म्याकडे पाहिलं. त्याचे खांदे खाली आले. बोलघेवडेपणा कुठच्या कुठे गेला आणि लहानपणी ताप आला की दिसायचा तसला मऊ चेहरा वर आला. तो दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, “बाबा, झाकण राहिलं.”

“अरेच्चा,” हलूनका म्हणाले, आणि झाकण मुठीत घेतलं.

ते बटण त्यांनी जरा उशिराच दाबलं. बघत राहिले होते.

“आता झालं?” मुलाने विचारलं.

“आता झालं.”

मुलगा टाय काढत उठला आणि जाता जाता आईला बाजूला घेऊन म्हणाला की बाबांना एकट्याने दुकानात सोडू नको, आज माझ्या फोटोलाही विसरले. आई म्हणाली, नाही सोडत. मग ती आत आली, नवऱ्याच्या कपाळावरचा चष्मा काढून त्याच्या नाकावर बसवला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचा फोटो बघायला दोघंही डोक्याला डोकं लावून वाकली.